मयत सोतिर प्लासा यांस

पॅरिस, ११ नोव्हेंबर २००१

प्रिय दादा,

सत्तावीस वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो.

आपलं घर नगरपालिका स्मारक म्हणून ताब्यात घेते आहे. खाली वाचनालय, वर माझं टेबल, हस्तलिखितं, फोटो. आईचं स्वयंपाकघर आहे तसंच ठेवणार आहेत. मी नको म्हणत होतो. पण 'राखाडी आकाश' आता एकतीस भाषांत गेलंय आणि लोक पत्ता शोधत आपल्या गल्लीत येतात, बंद दाराचे फोटो काढून परत जातात. नवे महापौर म्हणाले, "साहेब, गावाला एवढं तरी द्या." मग हो म्हटलं.

घर आईच्या नावावरून आपल्या दोघांच्या नावावर आलंय. त्यामुळे तुझी सही लागते. कागद सोबत आहे. तिसऱ्या पानावर पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही कर आणि आतल्या पाकिटातून मलाच पाठव, नगरपालिकेला परस्पर पाठवू नकोस. रुदिना नावाच्या तिथल्या अधिकारी मुलीचे मला तीन फोन येऊन गेले. कागदपत्रांत थोडा घोळ झाला आहे, तो तुझ्या सहीने सुटेल. कसला घोळ ते लिहीत बसत नाही.

उद्घाटन वीस एप्रिलला आहे. तू दगदग करून येऊ नकोस. खिंडीतला रस्ता अजून तसाच आहे म्हणतात, आणि आता आपली वयं झाली.

तुझी तब्येत बरी असेल. तुझं लग्न झाल्याचं इकडून तिकडून कळलं होतं. वहिनींना माझा नमस्कार. मुलं असतील तर त्यांना आशीर्वाद.

लिगोर प्लासा


पॅरिस, २० डिसेंबर २००१

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून कागदाची दुसरी प्रत जोडली आहे. पहिलं पत्र मिळालं असेल आणि तू मुद्दाम गप्प असशील, तर मग घोळ काय आहे ते सांगतोच.

रुदिनाने माझ्याकडे तुझ्या मृत्यूचा दाखला मागितला. "बाकी सगळे कागद झाले सर, फक्त भावाच्या मृत्यूचा दाखला जोडा, म्हणजे घर तुमच्या एकट्याच्या नावावर होईल." मी म्हटलं, बघतो.

दादा, माझ्या कादंबरीत एक चित्रकार आहे. सरकारी शेतावरच्या सणाच्या नाटकासाठी तो मागचा पडदा रंगवतो, आणि सुखी देशाच्या डोक्यावर मुद्दाम राखाडी आकाश काढतो. त्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घालतात. त्याचा धाकटा भाऊ गोष्ट सांगतो. वाचकांनी तो भाऊ म्हणजे मी आणि चित्रकार म्हणजे तू असं धरलं. वाचक कादंबरीला खरं मानतात, त्याला मी काय करणार? अर्पणपत्रिकेत फक्त 'सोतिरला, जो घरी परतला नाही' एवढंच आहे. ते खोटं नाही. त्या पडद्यापायी सोळा वर्षं तुला हद्दपार करून बाल्तासच्या दलदलीत ठेवलं, नव्वदला सोडलं, तरी तू घरी परतला नाहीस. मी कुठेही 'मेला' असा शब्द वापरलेला नाही. हवं तर तपासून बघ.

आणि चौऱ्याहत्तरच्या त्या भाषणाचा राग अजून मनात असेल तर मी ते समजू शकतो. राजधानीत, तिरानाच्या लेखकांच्या सभेत मी जे बोललो ते आठ वाक्यांचं होतं. "माझ्या भावाचं आकाश ते माझं आकाश नव्हे." पुढची सात आता आठवत नाहीत. तेव्हा न बोलणाऱ्याचं काय व्हायचं ते मी तुला सांगायला नको. माझं पहिलं पुस्तक छापखान्यात होतं. आई माझ्याकडे होती.

असो. फुली केलेल्या जागी सही कर, एवढीच विनंती.

लिगोर


बाल्तास, ९ जानेवारी २००२

लिगोर भाऊजी,

मी प्रेना, सोतिरची बायको. लग्नाला चोवीस वर्षं होतील. माझं माहेर उत्तरेतलं, आमचंही सगळं घर ह्या गावात हद्दपार होऊन आलं होतं. आपण भेटलो नाही म्हणून ओळख करून दिली.

तुमचं पहिलं पत्र ह्यांनी वाचलं, चारदा घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवलं. टेबल आता हलत नाही. दुसरं त्यांनी फोडलंच नाही, ते मी फोडलं. मी ते वाचलंय, हे तुम्ही त्यांना सांगितलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंत की 'मेला' हा शब्द तुम्ही वापरला नाही. तुम्ही नाही, पण गाव वापरतं. टीव्हीवर तुमची मुलाखत लागली होती ना, त्या दिवसापासून ह्यांचं नाव 'मयत'. "मयत, येतोस का कॉफीला?" "मयताकडची बदकं आमच्या मक्यात शिरली." आधी मी रडायचे, आता सवय झाली. परवा पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी वाद झाला तर तो म्हणतो, "मयताला पाणी कशाला लागतं?" हे हसले. मी नाही हसले, मी त्याच्या अंगावर फावडं घेऊन गेले.

मुलगी एक आहे. ग्रीसमध्ये नर्स आहे. तिचं नाव ओलिंबी, तुमच्या आईचंच. आशीर्वाद तिला कळवला.

कागद माझ्याजवळ सुखरूप आहे. सही करायची की नाही ते हे ठरवतील, मी मधे पडणार नाही. एक मात्र विचारते. आमच्या गावाहून तिराना बसने दोन तास आहे. देश मोकळा झाल्यापासून तुम्ही तिरानाला किती वेळा येऊन गेलात? मी पेपरात वाचते, म्हणून मोजलंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

प्रेना


बाल्तास, २ फेब्रुवारी २००२

लिगोर,

कागद सही करून पाठवतोय. मयताची सही चालत असेल तर चालव.

बायकोने तुला पत्र लिहिलं हे काल कळलं, तुझं दुसरं पत्रही तिने वाचून दाखवलं. ती मनातलं बोलून टाकते, मी टाकत नाही, म्हणून आमचं जमतं. पण आता पेन हातात घेतलंच आहे तर तीन गोष्टी लिहितो. पुन्हा लिहीन असं वाटत नाही.

एक, ते भाषण. ते तू उगाच उरावर घेऊन बसलायस. तू बोलावंस असा निरोप मीच आईकडून धाडला होता. मी गेलोच होतो, मागून तू आलास तर आईला कोण बघणार? आईने निरोप दिला नसेल तर तिची काही कारणं असतील. मला त्या भाषणाचं काही वाटलं नाही.

दोन, आकाश. तुझं पुस्तक मी वाचलं. ओलिंबीने आणून दिलं. चांगलं लिहिलंयस, रडायला येतं. पण निळा रंग संपला होता रे. भांडाराचा माणूस रजेवर गेला होता, किल्ली त्याच्याकडे, आणि नाटक दुसऱ्या दिवशी. उरलेल्या पांढऱ्यात काळा मिसळून मी वेळ मारून नेली. चौकशीत हे मी अकरा वेळा सांगितलं. एकानेही मानलं नाही. त्यांना गुन्हेगार हवा होता, त्यांचं मी समजू शकतो. तू तर मला ओळखत होतास. तुला कसं वाटलं, मी असला काही पराक्रम करीन म्हणून?

तीन. ब्याण्णवच्या मेमध्ये तुझा तिरानाला सत्कार होता. मी आलो होतो. प्रेनाने नवा शर्ट शिवला होता, वर माझा तो तपकिरी कोट. शेवटून तिसऱ्या ओळीत बसलो. कार्यक्रम संपला की भेटू असं ठरवलं होतं, काय बोलायचं तेही बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. मग कुणीतरी माईकवर म्हणालं, लेखकाच्या दिवंगत बंधूंसाठी दोन मिनिटं उभं राहू या. सगळं सभागृह उभं राहिलं. मीही उभा राहिलो. एकटाच बसून राहिलो असतो तर मयताचा अपमान झाला असता. शेजारची बाई रुमालाने डोळे पुसत होती. मला म्हणाली, "तुम्ही ओळखत होतात का त्यांना?" मी म्हटलं, "थोडाफार."

दोन मिनिटं फार मोठी असतात. ती संपल्यावर मी बस पकडली.

घर घे. मला नको आहे. तिथे येऊन मी काय करू, माझ्याच फोटोला हार घालू?

सोतिर


पॅरिस, २४ फेब्रुवारी २००२

दादा,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. आज आठव्यांदा लिहायला बसलोय. आधीची सात पत्रं चांगली झाली होती, म्हणून फाडली.

आईने निरोप दिला होता. शब्द न शब्द दिला होता. "सोतिर म्हणतो, बोलून टाक, मला काही वाटणार नाही." पण तिने दिला तो बुधवारी, आणि भाषण मी मंगळवारीच करून आलो होतो. मी तिला सांगितलंच नाही की झालं म्हणून. मान हलवली, "बरं, तो म्हणतोय तर बोलतो," असं म्हणालो, आणि गुरुवारी उगाच कोट घालून बाहेर जाऊन आलो. आई गेली तोवर तिची हीच समजूत होती की तिच्या धाकट्याने थोरल्याला विचारून ते केलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पुस्तकातही नाही.

आता तिसऱ्या गोष्टीचं लिहितो. दुसरीत तू म्हणतोस तेच खरं.

मी तुला पाहिलं होतं.

मंचावर दिव्यांच्या उजेडात समोरचं काही दिसत नाही असं म्हणतात, पण सगळे उभे राहिले तेव्हा सभागृहातले दिवे लावले होते. तपकिरी कोट. तू हात पोटाशी धरून उभा होतास, बाबांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये उभा राहिला होतास तसा. आधी वाटलं भास आहे. मग तू शेजारच्या बाईकडे वळून काहीतरी बोललास, तुझी मान वळवायची ती पद्धत, तेव्हा खात्री पटली. माझ्यासमोर माईक होता. दोन मिनिटं होती. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं लेखक गहिवरला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. त्या फोटोत मी तुझ्यापासून तोंड लपवतोय.

हे सुरू कसं झालं तेही लिहितो. एक्याण्णवला इथे पॅरिसमध्ये पहिली मोठी मुलाखत झाली. त्या बाईने विचारलं, "आणि तुमचा भाऊ?" मी खिडकीबाहेर पाहिलं. मला खरं सांगायचं होतं की तो जिवंत आहे आणि त्याला भेटायची मला हिंमत होत नाही. ते इतक्या लोकांपुढे कसं सांगायचं ह्याचा विचार करत मी गप्प बसलो. तिने लिहिलं, 'भावाचं नाव निघताच लेखक बोलू शकला नाही.' पुस्तक महिनाभरात संपलं, दुसरी आवृत्ती आली. पुढच्या मुलाखतीत मी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. मग ते जमायलाच लागलं. प्रकाशक म्हणायचा, तुझ्या त्या गप्प बसण्यात फार ताकद आहे. दादा, एकतीस देशांत मी खिडक्यांबाहेर पाहिलंय.

पुस्तक वाईट नाही. तू म्हणालास चांगलं आहे, ते मी पन्नास वेळा वाचलं. पण त्या मेलेल्या चित्रकारामुळे मला बरं वाटायचं. मेलेल्याला भेटायला जावं लागत नाही. तो आपल्याला विचारत नाही की किती वेळा तिरानाला येऊन गेलास.

वहिनींना सांग: नऊ वेळा.

सहीचा कागद रुदिनाला पाठवला आणि फोनवर सांगितलं, भाऊ जिवंत आहे. तिने फाइल उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सर, मग दाखला नको. सही पुरेल." आणि लगेच म्हणाली, "पण सर, संगमरवरी पाटी कोरून आली आहे. 'येथे लेखक लिगोर प्लासा व त्यांचे हुतात्मा बंधू सोतिर वाढले.' महापौरांना अजून काही माहीत नाही. मी काय करू?" मी म्हटलं, मला विचार करू दे.

खरं सांगतो, मी अजून विचारच करतोय. सही फाइलला लागली, कुणी कधी बघणार नाही. प्रकाशकाने वसंतात नवी आवृत्ती काढायची ठरवली आहे, तुझ्यावर स्वतंत्र प्रस्तावना आहे. मी गप्प बसलो तर काहीच होणार नाही. दहा वर्षं काहीच झालं नाही.

लिगोर


ओलिंबी प्लासांचं घर, २१ एप्रिल २००२, सकाळ

दादा,

आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. टेबलाला दोरी लावली आहे, 'हात लावू नये'. मी दोरी काढली.

काल झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो.

गल्ली भरली होती. पाटीवर झेंडा टाकलेला. महापौर तरुण आहेत, बाहेरून आलेले, मनाने चांगले आहेत. चूक त्यांची काहीच नाही, त्यांनी माझंच पुस्तक खरं धरलं. ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, "आता दिवंगत सोतिर यांच्यासाठी दोन मिनिटं..." लोकांनी टोप्या काढल्या. मी खुर्चीवरून उठलो, आणि माझ्याच कानांना ऐकू आलं, मी "थांबा" म्हणतोय.

काय बोलायचं ते मी लिहून आणलं नव्हतं. ह्या जन्मात पहिल्यांदाच. म्हणालो, माझा भाऊ जिवंत आहे. बाल्तासला राहतो, बदकं पाळतो. त्याला हद्दपार केलं तेव्हा मी सभेत त्याच्याविरुद्ध बोललो, कुणी सक्ती करायच्या आधी बोललो. त्याचं आकाश राखाडी होतं कारण निळा रंग संपला होता. तो मेला असं जगाला वाटलं, आणि मी वाटू दिलं, कारण ते मला सोयीचं होतं. ब्याण्णवला तो माझ्यासमोर उभा होता आणि मी मान खाली घातली.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून एफताली उठली. तुला आठवते ना, पलीकडच्या घरातली, लहानपणी आपण जिच्या अक्रोडावर चढायचो? नव्वदीला आली आहे. काठी आपटून ओरडली, "अरे, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं! सोतिर दर नाताळला मला कार्ड पाठवतो! तुला सांगायला एवढी वर्षं लागली होय रे?"

आणि गल्ली हसली, दादा. आधी मागच्या बायका, मग सगळेच. महापौरसुद्धा हसले, मग घाबरून थांबले. मी विचारलं, "एफताली मावशी, तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?" म्हणाली, "तू मोठा माणूस. आम्हाला वाटलं त्यात काहीतरी साहित्य असेल."

एका वार्ताहराने माईक पुढे केला: "म्हणजे पुस्तक खोटं आहे?" मी म्हटलं, "पुस्तक कादंबरी आहे. खोटं मी पुस्तकाच्या बाहेर बोललो."

सगळेच हसले असं मात्र नाही. गर्दी पांगल्यावर काळ्या कपड्यातली एक बाई आली. मला वाटलं सही हवी असेल. म्हणाली, "माझ्या भावाला खरंच मारलं. पंच्याहत्तरला. कुठे पुरला ते अजून सांगितलं नाही. तुमचं पुस्तक मी त्याच्या फोटोपाशी ठेवलंय. आता त्याचं काय करू?" मग स्वतःच म्हणाली, "राहू दे तिथंच. त्यात लिहिलंय तसंच त्याचं झालं असेल. पण तुमचा भाऊ तर आहे ना? मग इथं माझ्यासमोर काय उभे राहिलात? जा की त्याच्याकडे."

प्रकाशकाचा फोन आला होता. ओरडून झाल्यावर त्याने प्रस्तावनेचं काय करायचं असं विचारलं. मी म्हटलं, काढून टाक, आणि अर्पणपत्रिकेत फक्त 'सोतिरला' ठेव. म्हणाला, लोक तुला सोडणार नाहीत. आज सकाळचे दोन पेपर आलेत, एकात मी भित्रा आहे आणि दुसऱ्यात भामटा. दोन्ही मी उभ्यानेच वाचले आणि मग भूक लागली. एफतालीने पातळ पदरांचं, भट्टीत भाजलेलं कांद्याचं लाक्रोर पाठवलं होतं, मी अख्खं संपवलं. किती वर्षांनी मला अन्नाची चव लागली, सांगता येत नाही.

रुदिना पाटी उतरवून घेतेय. म्हणते, "सर, नवीन कोरायला चार आठवडे लागतील. ह्या वेळी मजकूर मला लेखी द्या."

मी परवाच्या बसने निघतो. तू नको म्हणू शकशील इतक्या लवकर हे पत्र पोहोचणार नाही, हे मला माहीत आहे. तसंच ठरवलंय.

लिगोर


तिराना, २८ एप्रिल २००२

प्रिय दादा, प्रेना वहिनी,

सुखरूप पोहोचलो. उद्या दुपारचं विमान आहे. वहिनींनी दिलेलं बदक हॉटेलच्या फ्रिजमध्ये आहे आणि तिथला माणूस मला रोज विचारतो की ते कुणाचं.

दादा, तू तिथेच होतास, तरी लिहितो, कारण तू माझ्याकडे पाहत नव्हतास.

बसमधून उतरलो तेव्हा समोर कॉफीच्या टपरीवर दोघे डोमिनो खेळत होते. विचारलं, "सोतिर प्लासाचं घर कुठलं?" एक म्हणाला, "कोण, मयत?" दुसरा त्याच्यावर खेकसला, "आता मयत म्हणायचं नाही! परवाच टीव्हीवर उठला ना तो." पहिला म्हणाला, "मग आता म्हणायचं तरी काय? एवढी सवय झालीय." मग दोघांनी मला कालव्याकडचा रस्ता दाखवला. मी कोण ते विचारलं नाही. मला फार बरं वाटलं.

वहिनी दारात होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "नऊ नाही, दहा. शहाण्णवला नोव्हेंबरमध्ये आला होतात, ते तुम्ही विसरलात." मी म्हटलं, "हो वहिनी, दहा." मग त्यांनी आत घेतलं.

तू कालव्यातून वर आलास. गुडघ्यापर्यंत बूट, हातात फावडं. मी सत्तावीस वर्षं ह्या क्षणासाठी वाक्यं जुळवत आलो. तू म्हणालास, "जेवलास?" मी नाही म्हणालो. तू म्हणालास, "मग बस ना, उभा काय?" झालं. एवढंच झालं. मला वाटायचं ह्या जागी काहीतरी मोठं होईल.

जेवल्यावर तुमच्या पडवीतल्या बाजेवर मी आडवा झालो तो चार तास झोपलो. गोळीशिवाय. जागा झालो तेव्हा तू शेजारी शेंगा सोलत बसला होतास. "आईसारखा घोरतोस," म्हणालास. मग बराच वेळ शेंगाच सोलल्यास, आणि वर न बघता विचारलंस, "गेली कशी ती?"

दादा, तू मला भाषणाबद्दल विचारलं नाहीस, पुस्तकाबद्दल नाही, त्या सभागृहाबद्दल नाही. तेवढंच विचारलंस. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं माझ्यापाशी तुझी एक वस्तू पडून होती, जी जगात दुसऱ्या कुणाकडेही नव्हती. तुला अंत्ययात्रेला येऊ दिलं नव्हतं. मी एकटाच तिथे होतो. मी ते तुला लिहून पाठवू शकलो असतो, कुणाकरवी तरी सांगू शकलो असतो. ज्याने तीनशे पानं लिहिली त्याला एक पान जमलं नाही.

तुला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे ते तुझ्याजवळ राहील. त्र्याऐंशीचा फेब्रुवारी. सकाळ. बर्फ पडून थांबला होता. तिला खिडकीचा पडदा उघडा हवा होता. दोन दिवस ती तुला शेजारच्या खोलीतच समजत होती. शेवटी म्हणाली, "सोतिरला दूध दिलंस का?" मी म्हटलं, "दिलं." "गरम होतं ना?" "गरम होतं." म्हणाली, "मग ठीक आहे," आणि कुशीवर वळली.

तू शेंगांची टोपली बाजूला ठेवलीस. बाहीने नाक पुसलंस. आणि म्हणालास, "तेवढं एक खोटं चांगलं बोललास."

त्यानंतर आपण बाबांच्या त्या खेचरावरून भांडलो, ते करडं होतं की काळं, आणि वहिनी म्हणाल्या, ह्या दोघांना आधीच वेगळं ठेवलं होतं ते बरं होतं. मी इतका हसलो की खोकला लागला. तीन दिवस राहायचं ठरलं नव्हतं, राहिलो. मी कोण हे तिसऱ्या दिवशी गावाला कळलं तेव्हा डोमिनोवाल्यांनी मला खेळायला घेतलं आणि सपाटून हरवलं.

पॅरिसला काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही. एका विद्यापीठाने बोलावणं मागे घेतलंय. पुस्तक लोक वाचतील की टाकतील ते त्यांचं ते ठरवतील. मला त्याची जी भीती वाटायला हवी ती वाटत नाहीये, हात घालून चाचपून बघतो तर ती जागाच सापडत नाही.

जूनमध्ये ओलिंबी सुट्टीवर येते आहे म्हणालात. मीही येतो.

आणि दादा, परवा सकाळचं. तू मला बसपर्यंत सोडायला आलास. ड्रायव्हर तुझ्या ओळखीचा होता. तू माझी पिशवी वर चढवलीस, खिडकीशी गेलास आणि त्याला म्हणालास, "ह्याला तिरानाला नीट उतरव रे. माझा धाकटा भाऊ आहे. काहीतरी लिहीत असतो."

ड्रायव्हरने आरशातून मला पाहिलं आणि विचारलं, "त्याला पेन्शन आहे का?"

तू म्हणालास, "नाही. पण आम्ही आहोत."

लिगोर